कुंकवी छातीचा शिंजीर

बेळगाव-शहापुरात पाखरांना रोज नेमानं न्याहारी घालणारा एकच गृहस्थ होता, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. आतोबा लुगडी विणत. परसातल्या जास्वंदीला त्यांनी नारळाची करवंटी टांगली होती. तिच्यात गुळाचं पाणी असे आणि काठाला लाल रेशमाचा गोंडा, कारण शिंजिराला लाल रंग दुरून दिसतो अशी त्यांची खात्री. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं, बाकदार चोचीचं, फुलातला मध पिणारं पाखरू. ते पाणी आतोबा आधी स्वतः चाखत आणि "आज जरा फिक्कं झालंय" म्हणून आणखी एक खडा टाकत. अखेर आत्यानं गुळाच्या डब्याला कुलूप लावलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या चहातला गूळ सोडून तो पाखरांकडं वळवला.

मागावर बसले तरी त्यांचा एक कान परसात असे. 'च्विट' ऐकू आलं की आडवं सूत ओवायचा धोटा हातात तसाच घेऊन ते मागच्या दारात हजर. आलेलं पाखरू कोणतं, हे ते रंगाऱ्याच्या थाटात सांगत. हा जांभळा, ही पिवळ्या पोटाची त्याची बायको, हा अंजिरी पाठीचा. पावसाळ्यानंतर जांभळ्या नराची झळाळी उतरते. पहिल्या वर्षी ते पाहून आतोबा हळहळले होते, "कच्चा रंग रं! एका पावसात गेला." थंडी सरता सरता तोच नर पुन्हा झळकू लागला, तेव्हा त्यांनी माझ्यादेखत त्या पाखराची माफी मागितली.

एका हिवाळ्यात त्यांना वेगळाच शिंजीर दिसला. गळा आणि छाती कुंकवासारखी लाल, तिच्यावर बारीक जांभळ्या रेघा. लागोपाठ चार दिवस आला. गल्लीत कुणाला पटेना. समोरचे ड्रॉइंग मास्तर आतोबांना म्हणाले, "अण्णा, लाल सूत बघून बघून डोळ्यांत उतरलंय तुमच्या." सगळे हसले. रंगाच्या बाबतीत आतोबांना आजवर कुणी चूक म्हटलं नव्हतं. दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

मी तेव्हा कॅम्पात एका लष्करी कचेरीत कारकून होतो. आमच्या गोऱ्या साहेबाला पाखरांचा नाद होता, त्याच्याकडं चित्रांचं जाडजूड पुस्तक होतं. मी हकीकत सांगितली. आधी तो हसला. तू म्हणतोस ते हवेत थरथरत मध पिणारं हमिंगबर्ड अमेरिकेत असतं, म्हणाला. पण छातीवरच्या रेघांचं ऐकून गंभीर झाला. तसा पक्षी घाटात असतो, इकडं कुणी पाहिलेला नाही, रविवारी येतो, म्हणाला.

रविवारी अख्खी गल्ली जमली, मास्तर सगळ्यांच्या पुढं. आतोबांनी नवं धोतर नेसलं होतं. साहेबाच्या खांद्याला बारीक नळीची बंदूक होती.

"ही कशाला रं?" आतोबांनी मला हळूच विचारलं.

मी साहेबाला विचारून सांगितलं, "पाखरू हातात आल्याबिगर नक्की ठरत न्हाय म्हणतो. मग पेंढा भरून मुंबईच्या म्युझियमला धाडणार. चिठ्ठीवर तुमचं नावबी लिहिणार."

तेवढ्यात परसातून 'च्विट' आलं. साहेबानं खांद्यावरची बंदूक हातात घेतली. आतोबा झटक्यानं मागच्या दारात जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात हलवत ओरडले, "सांग साहेबाला, माझी चूक झाली! साधा अंजिरीच हुता त्यो! उन्हात तसा दिसला!"

त्या ओरडण्यानं जास्वंदीतून काहीतरी लालभडक भुर्रकन उडालं आणि फणसाआड गेलं. ते मी पाहिलं. बाकीचे आतोबांच्या तोंडाकडं बघत होते.

मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेब चडफडत निघून गेला.

"बघा, मी सांगत नव्हतो?" मास्तर म्हणाले.

"व्हय मास्तर, तुमचंच खरं," आतोबा म्हणाले, आणि पुढं महिनाभर गल्लीची थट्टा त्यांनी मुकाट्यानं सोसली.

साहेबासमोर माझीही शोभा झाली होती, म्हणून मी घुश्शात होतो. त्याच संध्याकाळी आतोबा म्हणाले, "त्या पुस्तकात त्याचं नाव असंल न्हवं? तेवढं बघून सांगशील?" मी हो म्हणालो. पुढं दर भेटीत ते विचारत, "नाव कळलं का रं?" आणि मी कामाचं निमित्त सांगे. खरं म्हणजे साहेबासमोर तो विषय काढायची मला लाज वाटत होती. मग लढाई पेटली, साहेबाची ब्रह्मदेशाकडं बदली झाली आणि त्याच्याबरोबर पुस्तकही गेलं.

हे सांगायला मी शहापूरला गेलो. आतोबांनी माग थांबवला, मला बसायला पाट दिला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. नाव मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं नाही.