पाण्यालाही सर्रा

परवा जुन्या वहीतून एक काळपट फोटो पडला, ओळीने चमकणाऱ्या सहा पट्ट्यांचा, आणि मला एकदम शेण, ओलं गवत आणि स्पिरिट यांचा वास आला. पीएचडी करत होते तेव्हा; म्हणजे शिंगं फुटायची तेवढी बाकी होती. विषय ट्रिपॅनोसोम, गोमाशी चावली की गुरांच्या रक्तात शिरून ‘सर्रा’ ताप आणणारा सूक्ष्म परजीवी. आमच्या गावी, मालगुंडला, शेजारच्या काकूंची एक म्हैस तापाने बसली, तर मी त्यांच्या पाचही म्हशींचं रक्त मुंबईला प्रयोगशाळेत नेलं, डीएनए तपासला (नळीत परजीवीचा डीएनए असला की फोटोत तिची पट्टी चमकते), पाच पट्ट्या चमकलेल्या पाहिल्या आणि ऐटीत फोन केला, “काकू, सगळ्या आजारी!” मग फोटो नीट पाहिला. सहावी पट्टीही चमकत होती, आणि त्या नळीत मी पडताळ्यासाठी नुसतं पाणी घातलं होतं! थेंब मोजून घालायच्या पिपेटचं टोक न बदलता मी शहाणीने पहिल्या, म्हणजे तापलेल्या म्हशीचं रक्त सगळ्या नळ्यांत मिसळलं होतं. फोन परत लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी धावत पोचले, तर काकूंनी पाचही म्हशी पडेल त्या भावाने विकल्या होत्या आणि अंगणात व्यापारी त्यांची दावी सोडत होता. “थांबा, काकू! पट्टी पाण्याचीपण आली!” काकूंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे गो, पाण्यालापण सर्रा झाला? मग विहीरपण देऊ काय यांच्याबरोबर?” व्यापारीच आधी हसला, म्हशी गोठ्यात परतल्या. फेरतपासणीत आजारी निघाली ती पहिली एकटीच, आणि औषधाने तीही बरी झाली. हल्ली नात मला छाती फुगवून काही सिद्ध करून दाखवू लागली, की मी विचारते, “खरं गो बाय, पण पाण्याला विचारलंस?”