खांबाला दोन टाइम पाणी

दर्यापूरजवळच्या त्या गावात देवीदासभाऊंच्या मळ्यातली मेथी प्रसिद्ध आणि देवीदासभाऊंची जीभ तिच्याहून प्रसिद्ध. मेथी उगवायला निदान चार दिवस तरी लागतात. जिभेची तशी अडचण नव्हती. वयाच्या बासष्टाव्या वर्षी या जिभेने त्यांना पेचात टाकलं, ते मळ्यातल्या शेडच्या दरवाजापायी.

शेड टिनाचं. आत फवारणीचा पंप, विळे, क्रेट, खताची पोती. वीस वर्षं दरवाजा म्हणून एक टिन तारेने बांधलेलं होतं आणि ती तार सोडता सोडता बायकोची, पार्बताबाईंची, नखं झिजली होती. यंदा मळ्याच्या कडेचा, धुऱ्यावरचा कडुनिंब वादळात आडवा झाला. आरागिरणीतून तो फळ्या होऊन परत आला, तेव्हा भाऊंनी जाहीर केलं की दोन कवाडांचा दरवाजा आपण स्वतः करणार, सुताराचं नावही काढायचं नाही.

भर वैशाखात त्यांनी दोन खांब काळ्या मातीत रोवले. सिमेंट घातलं नाही. आजवर मातीत जे रोवलं ते धड उभं राहिलं, एवढ्या अनुभवावर. आठ दिवसांत बुडाशी हात जाईल एवढी भेग पडली आणि उजवा खांब डाव्याकडे झुकला, कानात काही सांगायचं असल्यासारखा. भाऊ डगमगले नाहीत. उजवं कवाड त्यांनी रंध्याने वरच्या बाजूला चार बोटं तासलं आणि वाकड्या खांबाला बरोबर बसवलं. बिजागरीचे कब्जे ठोकले, कडी लावली. दरवाजा लागला. पहिल्या दिवशी भाऊंनी तो चाळीसदा उघडला, शेडमध्ये काही काम नसताना.

आणि नेमके त्या रविवारी अमरावतीहून इवाई आले.

मोतीरामजी म्हणजे लेकीचे, मोनालीचे सासरे. तीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर होते. रिटायर झाले तरी पिशवीत ओळंबा असायचाच. लोक पाहुणे म्हणून गेले की आधी पाणी पितात; हे आधी भिंत तपासत. त्यांनी दरवाजा पाहिला, मान तिरपी केली आणि खांबाला ओळंबा लावला.

"चार बोटं वाकडं हाये, इवाईबुवा."

"मुद्दाम ठेवलं," भाऊंची जीभ म्हणाली. भाऊंनाही ते तेव्हाच कळलं. "काळी माती हाये. उन्हायात फाटते, पावसायात फुगते. आषाढात खांब आपोआप सरळ होते."

मोतीरामजींनी शांतपणे चहा संपवला. म्हणाले, मग आषाढातच येतो. येताना पुतण्याच्या वर्कशॉपातला लोखंडी दरवाजा टेम्पोत घालून आणतो. खांब सरळ नसला तर तो बसवू आणि ही कवाडं चुलीत घालू. इवाई देतो म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. भाऊ हसले. पण आयुष्यात आपल्या हातून झालेला हा एकच दरवाजा, तो चुलीत जाताना त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पहाटे उठून खांबाच्या बुडाशी बादली ओतू लागले. संध्याकाळी आणखी एक. पार्बताबाईंनी चार दिवस पाहिलं.

"मेथी सुकून चालली, अन खांबाले दोन टाइम पाणी काहून?"

"पालवी फुटते का पाहून राह्यलो."

"तुमाले फुटन आधी," असं म्हणून त्यांनी बादली मेथीकडे वळवली. मग भाऊंनी ठिबकची एक नळी गुपचूप खांबाकडे नेली.

आणि गंमत अशी, की थाप खरी निघाली. भाऊंना याचा जेवढा धक्का बसला तेवढा कोणालाच बसला नाही. आषाढात मोतीरामजी टेम्पो घेऊन आले, ओळंबा लावला, तर दोरी खांबाला समांतर. ते खांबाभोवती दोन चकरा मारून आले. पुन्हा लावला. तेच. भाऊंनी ऐटीत कवाडं लावून दाखवली.

खाली कवाडं भेटली. वर चार बोटं फट.

कवाड तासलं होतं वाकड्या खांबासाठी, आणि खांब तर शहाणा झाला होता. मोतीरामजी इतके हसले की टेम्पोवाला खाली उतरून आला. भाऊ मान खाली घालून उभे राहिले. पण मोतीरामजींचा हात खांबावरून निघेना. मातीने खांब सरळ केलेला त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

"एक पट्टी द्या," ते म्हणाले. "अन खिळे. ह्या फटीसाठी एवढा जिवंत दरवाजा चुलीत काहून जायता?"

त्यांनी स्वतः पट्टी लावली, तीन इंची खिळ्यांनी, दणादणा. खिळे पट्टीतून काही डाव्या कवाडात गेले आणि काही उजव्या कवाडातही गेले. दोन्ही कवाडं जन्माची शिवली गेली. हे भाऊंना दिसलं, पार्बताबाईंना दिसलं, टेम्पोवाल्यालाही दिसलं. इवाईंचं काम, कोणी बोललं नाही. मोतीरामजींनी दरवाजा हलवून पाहिला, समाधानाने मान डोलावली आणि लोखंडी दरवाजा परत घेऊन गेले.

टेम्पो दिसेनासा झाल्यावर पार्बताबाईंनी पक्कड पुढे केली. भाऊंनी ती हातात घेतली, पट्टीकडे पाहिलं आणि खाली ठेवली.

"इवाईच्या हातचे खिळे हायेत," ते म्हणाले. "आत जायाले शेडचं मागचं टिन ढिलं करतो."