पंखाखालच्या पट्ट्या

पुण्याच्या एका ग्लायडरवाल्याने मला फसवलं. पैसे त्याने रोख मोजले. बुडवलं ते माझं नाव.

मंचरला हायवेच्या कडेला माझं फायबरचं दुकान आहे. टेम्पोची टपं, बाथरूमचे दरवाजे, पाण्याच्या टाक्या. शाळा नववीला सोडली, काम हात भाजून शिकलो. हा गृहस्थ लांबलचक ट्रेलर आणि एक मित्र घेऊन आला. आत बिनइंजिनाचं विमान, पंख सुटे केलेले. प्रवासात ते टेकवायला पंखाच्याच आकाराचे आधार हवे होते. शेजारचा कांदेवाला आत डोकावून म्हणाला, "राव, ह्यात गोण्या किती बसतील?" साहेब हसला नाही. दर पाडायला मात्र तासभर झुंजला, आणि मी तसूभर हललो नाही. तेच त्याला झोंबलं असावं.

दोन बाजांवर गाद्या टाकून पंख पालथा ठेवला. आकार पंखावरूनच उचलायचा: आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर काचतंतूंची मॅट आणि ती कडक करणारं रेझिन. पण पंखाला ओरखडे पडू नयेत म्हणून आधाराला आतून नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, चिकटवावा लागतो, त्याच्या जाडीची जागा आधीच सोडायची असते. म्हणून मी प्लास्टिकवर ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. साहेबाने त्या ओढून काढल्या.

"चपखल बसलं पाहिजे. हलता कामा नये."

"साहेब, नमदा लावल्यावर लई घट्ट व्हईल. मागची कड पातळ हाय, चिरंल."

"तुम्ही दरवाजे बनवा हो. ग्लायडर मला शिकवू नका."

मित्र पंख धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. "घ्या, तुमच्या मनासारखं!" म्हणत मी तसंच रेझिन मारलं. तेवढं माझं चुकलं. ब्रश तिथेच खाली ठेवायला हवा होता. नमदा साहेब स्वतः घरी लावणार होता.

महिन्याभराने दुसऱ्या एका ग्लायडरवाल्याचा फोन आला. तोही माझ्याकडून आधार करून घेणार होता. "राहू द्या आता," म्हणाला. "तुमच्या आधाराने पंखाची कड चिरली, असं ग्लायडर उडवायच्या मैदानावर सगळे सांगतायत. टाकीवाल्याकडे जायलाच नको होतं म्हणे."

मी लगेच साहेबाला फोन लावला. "पट्ट्या कुणी काढल्या व्हत्या?"

"अहो, साच्यातलं मला काय कळतं? ते तुमचं काम."

त्याला आता कळत नाही. मग त्याच्या मित्राने बोलावं. ज्या मैदानावर माझं नाव घेतलं, तिथेच, त्याच माणसांसमोर उभं राहून दोघांपैकी एकाने सांगावं, पट्ट्या कुणाच्या हाताने निघाल्या.