लेकीचं फ्रेंच आणि माझं मराठी

मुलगी दहावी पास झाली आणि आमच्या घरात मराठी भाषेवर संकट आलं. म्हणजे मी तसं जाहीर केलं. बाकी कुणाला ते दिसत नव्हतं.

अकरावीला इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा निवडायची होती. कॉलेजात मराठी होतं, हिंदी होतं आणि सगळ्यात खाली फ्रेंच होतं. ते शिकवायला कॉलेजात कुणीच नव्हतं. त्याच संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या कॉलेजातल्या बाई शनिवारी ऑनलाइन तास घेणार, बाकीचे धडे रेकॉर्ड केलेले, गृहपाठ फोटो काढून पाठवायचा. सुरुवात अगदी ग म भ न पासून. मुलीने जेवताना सांगितलं, "बाबा, मी फ्रेंच घेतेय," आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

मी आमटी वाढली नाही, भाषण सुरू केलं. आपल्या घरात उद्या मराठी वाचणार कोण? समोर मास्तर नाही, फळा नाही, चुकलं तर कान धरायला कुणी नाही, अशी भाषा येते का कुणाला? आणि शिकून भाईंदर पूर्वेत बोलणार कुणाशी, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याशी? भाषण रंगात आलं होतं. माझ्या आवाजाला एक कंप सुटला होता, तो मला स्वतःलाच फार आवडला.

"अहो, आमटी," बायको म्हणाली. तिला सभा बरखास्त करायला एवढं पुरतं.

मला वाटलं होतं, पोरगी मार्कांसाठी फ्रेंच घेतेय. सगळेच घेतात. माझ्या थोरल्या बहिणीने फोनवर सांगितलंच होतं, "स्कोअरिंग आहे रे, डोळे झाकून घेऊ दे." मार्कांसाठी आईची भाषा सोडायची, यावर माझ्याकडे आणखी एक भाषण तयार होतं. म्हणून मी मुलीला मुद्दाम विचारलं, "फ्रेंचच का?"

ती म्हणाली, "बाबा, मराठी घरात आलं, हिंदी जिन्यात आलं, गुजराती शेजारच्या काकींकडे खेळता खेळता आलं. मी कधी कुठली भाषा शिकलेच नाही रे, सगळ्या आपोआप चिकटल्या. एक तरी भाषा मला पहिल्या अक्षरापासून स्वतः शिकायचीय. काहीच येत नसताना."

यावर मी नुसताच आवाज चढवला.

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मराठीचं काय व्हायचं ते होवो, मला माझी काळजी होती. तिची इंग्रजी पुस्तकं मला अर्धीमुर्धी कळायची, तिचं गणित नववीतच माझ्या हातून सुटलं होतं. राहता राहिली मराठी. तिच्या निबंधात मी अजून दोन चुका काढू शकत होतो. तेवढी एकच खुर्ची माझ्याकडे उरली होती आणि ती मला सोडवत नव्हती.

विषयांच्या अर्जावर पालकांची सही लागणार होती. सही हे बापाचं शेवटचं हत्यार असतं. मी म्हटलं, मी स्वतः कॉलेजात येतो आणि तिथेच काय ते ठरवू. रिक्षात सगळी वाट मुलीने बाहेर बघत काढली.

कॉलेजच्या खिडकीपलीकडे एक जाडजूड गृहस्थ बसले होते. मी घसा साफ केला.

"देखिए, हमारे मुलगी का फ्रेंच कॅन्सल करने का है," मी म्हणालो. "मराठी डालो."

"अभी लास्ट मोमेंट पे बदली नहीं होता, साहब," ते म्हणाले. "मराठी का वर्ग भर गया है."

"भर गया है मतलब? महाराष्ट्र में मराठी का वर्ग कैसा भर सकता है?"

"आप ऐसा आवाज मत चढाओ. हम क्या तुम्हारा अर्ज खाके बैठा है?"

"मेरा भाषा का प्रश्न है! हमारा मातृभाषा है वो!"

मागे रांग लागली होती. मला तर आणखीच स्फुरण चढलं. अस्मिता, अभिमान, सगळे शब्द मी हिंदीत कोंबत होतो आणि समोरून तितकंच अडखळत उत्तर येत होतं. दोघांनाही घाम फुटला होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि फोनमध्ये म्हणाले, "अगं, बोल पटकन. नाही, भाकरी नको टाकूस, मी येताना पाव आणतोय. इथे एक डोकं खाणारा आलाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघून त्यांनाही काय ते कळलं असावं.

"साहेब, तुम्ही मराठी?" ते म्हणाले.

"हो. तुम्ही?"

"आम्ही मूळचे सातारचे."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मुलगी मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, तू मराठीसाठी हिंदीत भांडत होतास."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सातारकरांनी आता भलत्याच मायेने सांगितलं, की मराठीच्या वर्गात एखादी जागा ते कशीही करतील. हवं ते मिळत होतं, पण ते मागायला मला तोंड उरलं नव्हतं. मी अर्ज मुलीपुढे सरकवला आणि म्हणालो, "तुला हवं ते लिही." तिने फ्रेंच लिहिलं. मी सही केली. सही थोडी वाकडी आली.

घरी येताना मी आठवू लागलो, मी घराबाहेर मराठी बोलतो तरी कुणाशी? दूधवाल्याशी हिंदी. वॉचमनशी हिंदी. जवळच्या तारोडी गावाहून मासे घेऊन येणाऱ्या मावशींनाही मी "पापलेट कैसा दिया?" असंच विचारतो. त्या "ताजा हाय, घे," म्हणतात, आणि मी पुढचा भावही हिंदीतच करतो. समोरचा कोण आहे हे बघायचंही मला सुचत नाही. उंबरठा ओलांडला की जीभ आपोआप चपला बदलते.

फ्रेंच सुरू झालं. मुलगी शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची आणि घशातून चमत्कारिक आवाज काढायची. मी वर्तमानपत्र घेऊन शेजारच्या खोलीत बसायचो. वाचत काहीच नव्हतो. ती चुकायची, पुन्हा म्हणायची, पुन्हा चुकायची. चुका काढणाऱ्या बाई दुसऱ्याच गावात होत्या. मला फार एकटं वाटलं, हे कबूल करतो. पण तिला इतकं मनापासून चुकताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकत राहावंसं वाटायचं.

एका शनिवारी तिने हाक मारली, "बाबा, जरा ये ना. घरातली माणसं दाखवायचीत." आई कुठे काम करते ते सांगून झालं होतं, आता माझी पाळी होती. मी बनियनवर शर्ट चढवला आणि तिच्या मागे जाऊन ताठ उभा राहिलो. तिने माझ्याकडे बोट दाखवून एक छोटंसं वाक्य म्हटलं. त्यातला एकच शब्द मला कळला, 'मराठी'. स्क्रीनवरच्या बाई खूश झाल्या, मान डोलावली आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले.

मीही हात जोडले. "जी मॅडम, नमस्ते," मी म्हणालो. "आप बहुत अच्छा सिखाती हैं."

मुलीने डोळे मिटून घेतले.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "काका, तुमच्या लेकीने आत्ताच सांगितलं, 'माझे बाबा मराठी बोलतात.' वाक्य अगदी बरोबर आहे तिचं. पण ते खरं आहे ना?"

लेक मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिच्या निबंधात मी चुका काढायचो, तेव्हा ती अशीच बघायची.

"खरं करतो," मी म्हणालो.