नावाच्या जागी रुपचंद मोबाईल

…आणि तो ट्रॅक्टर वळण घेऊन पार दिसेनासा झाला, तरी रुपचंद आपला फाट्यावर हातात चहाचा कप धरून तसाच उभा! काल इथंच थांबलो होतो आपण. चहावर साय आली, सायीवर माशी बसली, गड्याला पत्ता नाही. शेवटी टपरीवाला ओरडला, "काय रे भो, भूत देखं का?"

रुपचंदनं मान हलवली. भूत दिसलं नव्हतं, ऐकू आलं होतं. आणि ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं, त्याचं स्वतःचंच होतं. ट्रॅक्टरवर भिकुबाईचं कानबाईचं गाणं लागलं होतं, आणि ऐन गाण्यात, ढोल थांबला त्या जागी, रुपचंदचाच आवाज घुमला होता: "रुपचंद मोबाईल, सोनगीर फाटा… फाटा… फाटा!"

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो. सोनगीरला हायवेच्या अंगाला, किल्ला जिथून डोक्यावर आल्यासारखा दिसतो तिथं, रुपचंदचं मोबाईलचं दुकान. लोक मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे त्या काळात त्याचा काय थाट होता म्हणता! ट्रकवाले डिझेल नंतर भरत, कार्ड आधी भरत. हिंदी घ्या, गुजराती घ्या, आपली अहिराणी घ्या. टॉकीजला कालच लागलेला सिनेमासुद्धा घ्या, फक्त त्यात पुढच्या खुर्चीवरच्या माणसाचं डोकं फुकट यायचं. हे सगळं कुणाचं म्हणून कुणी विचारलं, "रुपचंदभाऊ, हाई बठ्ठं कोनं शे?" तर हा हसून वर बोट करायचा. "हवानं शे! हवाले मालक ऱ्हास का?"

धुळ्याच्या हिलाल नानांनी भिकुबाईची कानबाईची गाणी काढली तेव्हाची ही गोष्ट. भिकुबाई शेतात राबणारी बाई, पण गळा असा की श्रावणात घरोघर कानबाई देवी बसली की चार गावांहून तिला बोलावणं यायचं. नानांनी पदरमोड करून सीडी काढली. डबीवर मागं लाल अक्षरात छापलं होतं की नक्कल करणं गुन्हा आहे. रुपचंद ती ओळ गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, कीर्तनकारासारखी, आणि दुकान हसायचं. त्यानं एकच सीडी घेतली. बाकी साऱ्या खानदेशानं रुपचंदकडून घेतली.

आता गंमत बघा. शिरपूरकडचे दुकानदार रुपचंदचीच कार्डं उतरवून विकू लागले, तर ह्याला काय राग यावा! "मनी मेहनत चोरतस!" म्हणत त्यानं माईक आणला, आवाजाला घुमारा लावला, आणि प्रत्येक गाण्यात आपलं नाव ठोकून दिलं, जसा शेतकरी बैलाला डाग देतो. कुठं ठोकायचं? जिथं शांतता असेल तिथं, म्हणजे ठळक वाजेल. आणि भिकुबाईची एक रीत होती: कडवं संपलं की ती हात वर करायची, ढोल थांबायचा, आणि त्या शांततेत ती घरातल्या कुणाचं तरी नाव घेऊन मग पुढं गायची. ते नाव कानबाईच्या कानावर जातं, असं ती म्हणायची.

रुपचंदला ती शांतता आयतीच मिळाली.

वर्षं गेली. कार्डं गेली, सीडी गेल्या, गाणी नेटवर चढली. चढली तीही रुपचंदच्या नावासकट. भिकुबाई गेल्या हिवाळ्यात वारली. आणि ह्या श्रावणात, नागपंचमीच्या थोडं आधी, तिची पोरगी पुनम पहूरहून, सासरहून, एसटीनं सोनगीरला उतरली.

दुकानात शिरून तिनं बाकड्यावर पिशवी ठेवली. "रुपचंद मोबाईल तूच का?"

"मीच, ताई. काय, कव्हर बसवायचं का?"

"आवाज वयखू येस. न्हानपनपासून आयकी ऱ्हायनू तुले." ती हसली नाही. "मी पुनम, भिकुबाईनी पोर. मायनी जाताना सांगं, तिसरा गानामा जठे ढोल थांबस तठे मी तुनं नाव लेयेल शे. मी नसनू तर कानबाईना दिन ते आयक. मी आयकाले गऊ भाऊ. तठे तू बठेल शे."

रुपचंदला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं: आईनं लेकीचं नाव जिथं घेतलं होतं, तिथंच त्यानं आपलं ठोकलं होतं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यानं उगीच खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तुमच्याकडे सीडी असेल ना घरी? नानांनी दिली असेल."

"व्हती. वाजाडाले मशीन नव्हतं. कोनी मांगी, दिधी. बठ्ठास्ना मोबाईलमा गानं व्हतं, मंग सीडी कोन सांभाळी?"

तिनं हेही सांगितलं की ती जळगावला वकिलाकडं जाऊन आली. वकील म्हणाला, गळा तुमच्या आईचा, रेकॉर्डिंग नानांचं. ह्या रुपचंदचं त्यात काडीचं काही नाही. तक्रार करा, गाणं नेटवरून उतरेल, ह्याच्यावर केसही होईल.

"मग?" रुपचंदनं विचारलं.

"मंग काय? गानं उतरनं म्हंजे मनी माय बी उतरी. तितलीच ऱ्हायनी शे ती. तू चोर शे भाऊ, पन तुनाच घरमा मनी माय शे. केस नही करनी माले. मनं नाव माले दे. कानबाईना आदला दिन येसू मी."

ती गेली. आणि त्या दिवसापासून रुपचंदच्या मागं तो स्वतः लागला. फाट्यावरचा तो ट्रॅक्टर ह्याच दिवसांतला. केळीचा ट्रक आला, त्यात तो. दूधवाल्याच्या मोबाईलमध्ये तो. आळीत कानबाईची तयारी करणाऱ्या बाया पुरणाची डाळ निवडत गाणं लावायच्या. ढोल थांबायचा, आणि रुपचंद कान दाबायचा. पूर्वी तोच आवाज ऐकून छाती फुगायची. आता बायकोनं जेवायला हाक मारली तरी दचकायचा.

त्याची ती एकुलती सीडी कधीच कचऱ्यात गेली होती, म्हणून तो धुळ्याला हिलाल नानांकडं गेला. नाना ओट्यावर पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "या, या, मालक! आमच्या गाण्यांचे मालक आले, अगं चहा टाक!"

"नाना, लाजवू नका. मूळ गाणं पाहिजे होतं. बिनाआवाजाचं."

"बिना कोणाच्या आवाजाचं?"

रुपचंदनं मान खाली घातली. नानांनी पेपराची घडी घातली. मग सांगितलं, की त्यांचं सीडीचं दुकान बुडालं तेव्हा कॉम्प्युटर भंगारात गेला, गाणीही त्यातच गेली. "न खपलेल्या सीड्या मेव्हण्याला दिल्या. धनसिंगला. डाळिंबावर पाखरं बसायची, त्यांना भेव दाखवायला. जा, असतील तर बघ. बाईनं गायलं देवीसाठी, आम्ही काढलं लोकांसाठी, कामाला आलं पाखरांच्या."

धनसिंगचं शेत म्हणजे गावापासून लांब, माळाच्या कडेला. भर दुपार, बागेत चिटपाखरू नाही, आणि झाडाझाडाला दोरीनं टांगलेल्या त्या सीड्या. वारा आला की सगळ्या एकदम फिरायच्या, आवाज न करता. प्रत्येकीवर भिकुबाईचा फोटो होता म्हणे. उन्हानं तोंड पार पुसलं होतं, डोक्यावरचा पदर तेवढा राहिला होता. इतक्या बिनतोंडाच्या भिकुबाया एकाच वेळी वळून आपल्याकडं बघतात, पुन्हा पाठ फिरवतात! रुपचंदला वाटलं, आल्या पावली परत फिरावं. पण गडी हटला नाही. एकेक दोरी कापून त्यानं गोणीच भरली.

दुकानात येऊन जुना ड्राइव्ह जोडला. सीडी घालायची, ती आत गरगर फिरायची, दम लागल्यासारखा आवाज करायची आणि बाहेर यायची. एकही बोलली नाही.

मग तो जळगावला नवीन नावाच्या एका ओळखीच्याकडं गेला. त्याचा गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ, माणूस हुशार. त्यानं गाणं लावलं, पडद्यावरच्या रेघा बघितल्या आणि म्हणाला, "भाऊ, गाण्यावर आवाज चढवला असता तर मी खालचं सोडवून दिलं असतं. हे तुम्ही चढवलं नाही. तेवढा तुकडा कापून आपला बसवलाय. खाली काही नाहीच."

"काहीच नाही?"

"कोरं आहे." मग खुर्ची वळवून म्हणाला, "पण बाईचा बाकी आवाज आहे ना आपल्याकडं? त्यावरून मशीन नाव म्हणून देईल. घरच्यांनाही कळायचं नाही."

रुपचंदनं हो म्हटलं की नाही, त्यालाही आठवत नाही. थोड्या वेळानं नवीननं त्याच्या कानाला हेडफोन लावला. गाणं आलं, ढोल थांबला, आणि भिकुबाईनं हाक मारली, "पुनम…"

रुपचंदनं हेडफोन ओढून काढला. आवाज हुबेहूब तिचा. पण हाक मारणारं कुणी नव्हतं. मोकळ्या घरातून कुणी नाव घेऊन बोलवावं तसं वाटलं त्याला. तरी पेनड्राइव्ह त्यानं खिशात घातला. काय करणार, दुसरं होतं तरी काय त्याच्याकडं?

कानबाईच्या आदल्या दिवशी पुनम आली. ओटीचं सामान, नवा खण, डोळ्यांत काजळ. माहेरीच कानबाई बसायची होती.

"सापडनं का, भाऊ?"

रुपचंदनं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. तिचा चेहरा असा उजळला, की त्याला वाटलं, झालं, सुटलो. एवढ्याशा खोटेपणानं कुणाचं काय बिघडतं? आजवर किती सिनेमे, किती गाणी इकडची तिकडं केली. हे तर एकच नाव, आणि तेही जिचं तिला. त्यानं तार काढली, स्पीकर जोडला.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "थांब. लावाना पहिले एक सांग. तू ते कापं तवय आयकं असशी. ध्यान लाईसन आयकेल आते तूच एक शे. माय कशी म्हने रे? हाक मारे तशी, का लाडमा?"

रुपचंदच्या डोळ्यांपुढं तो दिवस उभा राहिला. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत होता, घाई होती म्हणून स्पीकर बंदच होता. पडद्यावर गाण्याच्या रेघा, मधे सपाट जागा, सपाट जागेत बारीकसा उंचवटा. त्यानं तो उंचवटा निवडला आणि पुसला. एवढंच.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्यात कुठलंसं हिंदी गाणं होतं, तरी रुपचंद दचकला. पेनड्राइव्ह त्यानं काउंटरवरून उचलून मुठीत धरला, आणि ज्या आवाजानं सारा खानदेश त्याला ओळखत होता तो आवाज कसाबसा बाहेर आला:

"यामा जे नाव शे ते मशीननं शे, ताई, तुनी मायनं नही. तुनी मायनं मी आयकंच नही. माले नुसती जागा दिसनी व्हती."