रघूची काठी आणि आक्काचं उंच शेत

लोकांना जमीन सपाट दिसते. रघू तरेला पन्नाशी आली तरी सपाट जमीन अजून भेटलेली नाही. धामणकर नाक्यावर चहाला थांबला तरी टपरीचं फळकूट कुठं झुकलंय हे त्याला पहिल्या घोटाला कळतं, आणि कळल्यावर गप्प बसवत नाही.

"भैया, तुम्हारा टेबल पूरब में दबता है."

"आप चाय पियो, चाचा. चाय सीधी है."

त्याचं कामच तसलं. बावीस वर्षं तो एका मोजणी कंपनीची काठी धरतोय. माणसापेक्षा उंच काठी, डोक्यावर उपग्रहाशी बोलणारी डबी आणि मध्यावर काचेत एक बुडबुडा. बुडबुडा गोलाच्या मधोमध आला की काठी सरळ. मग रघू श्वास धरतो. तेवढ्या वेळात नाकावर माशी बसली तर तिला सगळी मुभा.

यंदाचं काम पुराच्या नकाशाचं होतं. विमानानं वरून लेसर मारत जायचं. उजेड जमिनीवर आपटून किती वेळात परत येतो त्यावरून उंची काढायची. पण विमान खरं बोललं का, हे ठरवणार रघूची काठी. नदीच्या काठानं बत्तीस जागी ती टेकायची आणि खालचा आकडा वरच्याशी लावून बघायचा. फार तर वीतभर फरक चालतो, त्यापुढं नाही.

ह्या मोठेपणाची बातमी रघूनं विमान यायच्या आठवडाभर आधीच आक्काला देऊन टाकली होती. आक्का त्याची थोरली बहीण. अंबाडी रोडच्या आतल्या अंगाला, नदीच्या वळणावर तिचं घर. घर आणि नदी यांच्या मध्ये तिचं लहानसं शेत. तिथं मुलासाठी, कुणालसाठी, गोडाऊन बांधायचं तिनं मनात धरलेलं. कुणालचा कामतघरला चिंध्यांचा धंदा. लूमवरची उरलीसुरली कापडं दाबून त्याच्या चौकोनी गाठी बांधायच्या आणि विकायच्या.

"मंगलवारी इमान येनार," जेवता जेवता रघू म्हणाला होता. "जमीन किती उंच, किती खोल, सगला टिपनार. खोल जमीन पुराच्या रेघंत गेली की तिथं गोडाऊन न्हाय."

आक्कानं त्याला आणखी एक भाकरी वाढली आणि विचारलं, "मंगलवारी किती वाजता?"

महिन्याभरानं रघूनं बत्तीस जागा काठी लावून पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी इंजिनियर दिपाली मॅडम लॅपटॉप घेऊन थेट आक्काच्या शेतातच आली.

"रघूकाका, अठ्ठावीस जागा सुरेख जुळल्या. ह्या शेतातल्या चार नाही. विमान म्हणतं, शेत काठीच्या आकड्यापेक्षा साठ सेंटिमीटर उंच आहे."

"इमान चुकला."

"बरोब्बर एकाच शेतात? पुण्याचे साहेब म्हणतात, काठी तिरकी धरली. सोमवारपासून तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवतायत."

रघूचा चेहरा उतरला. पण जीभ नाही. "साठ सेंटिमीटर कमी दाखवाया काठीसंगं मना आर्धा झोपाया लागंल, मॅडम. चार येला झोपलो काय मी?"

काठी पुन्हा चारही ठिकाणी लावली. बुडबुडा मधोमध, आकडे तेच. दिपाली फोटो उघडून बसली. विमानानं काढलेल्या फोटोत शेतावर नुसता पेंढा पसरलेला, कुठल्याही कापलेल्या शेतावर असतो तसा. रघू मात्र खाली बघत होता. ढेकळांच्या फटीत लाल, पिवळे, मोरपंखी दोरे अडकलेले. बोटाएवढी एक चिंधी त्यानं उचलली आणि गुपचूप खिशात घातली. घराच्या ओट्यावर आक्का तांदूळ निवडत होती आणि फारच मन लावून निवडत होती.

पाणी प्यायच्या निमित्तानं तो ओट्यावर गेला. चिंधी सुपात टाकली.

"आक्का, ह्ये काय?"

"चिंधी हाय. तुना दिसत न्हाय?"

"शेतात कशी आली?"

आक्का हळू आवाजात पण मोठ्या अभिमानानं म्हणाली, "टेम्पोतनं. दोनशे गाठी. एकाला एक खेटून आख्ख्या शेतात मांडल्या, वर पेंढा घातला. इमान गेला, गाठी परत. गुडघाभर वर उचलला शेत मी. आपल्या बापाला जमला व्हता?"

रघू सुपाजवळ बसला. सांगावं तर बहिणीचं गोडाऊन जातं, न सांगावं तर सोमवारी काठी जाते. त्यानं सुपातले चार खडे वेचले, उगाच.

तेवढ्यात दिपाली वर आली. "विमानाचेच आकडे धरून लॅपटॉपवर पूर सोडून बघितला," म्हणत तिनं लॅपटॉप आक्कासमोर धरला. पडद्यावर डोंगराकडून निळं पाणी उतरत आलं. एरवी शेतातून नदीला मिळालं असतं. उंच शेताला अडलं, थबकलं आणि मागं फिरलं.

"ह्यो घर कोनाचा?" आक्कानं विचारलं.

"तुमचंच."

"पानी कवरा हाय?"

"छातीपर्यंत."

आक्का सूप सोडून उभी राहिली. "काढ! आधी माझ्या घरातनं पानी काढ!"

"मावशी, हे नुसतं चित्र आहे."

"चित्र सरकारात जानार ना? मंग घरावरनं रेघ मारतील! न्हाय न्हाय. रघूची काठी खरी हाय. गाठी व्हत्या त्या, माझ्या पोराच्या! लिव!"

दिपालीनं आधी रघूकडं बघितलं, मग सुपातल्या मोरपंखी चिंधीकडं, आणि मग तिला जे हसू आलं ते पाच मिनिटं थांबेना. तिथंच बसून तिनं पुण्याला लिहिलं: काठी बरोबर, उड्डाणाच्या दिवशी शेतात कापडाच्या गाठी होत्या. मग काठीच्या आकड्यांनी शेत खाली बसवलं, पूर पुन्हा सोडला. पाणी शेतातून सरळ नदीला गेलं. घर कोरडं, शेत निळं. तासाभरात साहेबांचा फोन आला: सोमवारी दुसरा माणूस नको.

आक्का निळ्या शेताकडं बघत राहिली. "गेला माझा गोडाऊन," म्हणाली. मग नजर घरामागच्या उकिरड्याकडं वळली. "रघू, त्यो टेकाड पान्यात न्हाय ना? चल, काठी घे."

शेताबाहेरची एक उंची पुरावा म्हणून साहेबांना पाठवायची होतीच. दिपालीनं मान डोलावली. रघूनं उकिरड्यावर काठी टेकली. आक्का डोळा लावून काचेपाशी वाकली.

"हलू नको रं. तुझा बुडबुडा घराकडं चाललाय."