भिंत पाडणाऱ्याचे कान

आमच्या ह्यांना सगळे ठोक्या म्हणतात. जन्मभर लोकांच्या भिंती पाडल्या आणि त्यात कान घालवून बसले. कानात कापसाचे बोळे घाला, म्हणून मी घसा कोरडा केला. पण ऐकतील तर ना.

काँक्रीट पडण्याआधी बोलतं, असं हे सांगायचे. वाळकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज येतो. ह्यांना तो ऐकू येईनासा झाला, तेव्हा काम सोडा म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी मीच म्हटलं, मी येते बरोबर. तेव्हापासून ह्यांच्या कमरेला दोर आणि टोक माझ्या हातात. आवाज आला की मी हिसका द्यायचा आणि ह्यांनी हातातलं टाकून बाहेर यायचं. घरात माझा एक शब्द चालत नाही, पण दोराचं म्हणणं ह्यांनी कधी मोडलं नाही.

परवा दूधवाल्याच्या गोठ्यातलं काम होतं. गाई वाढल्या, म्हणून त्यांच्या आणि चाऱ्याच्या मधली भिंत काढायची होती. ह्यांनी आधी गाई बाहेर काढायला लावल्या, वीज आणि पाणी बंद केलं. मग छताच्या तुळईखाली भिंतीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू कसले. छताचं ओझं टेकूंवर आलं, तरच हे भिंतीला हात लावतात.

दूधवाला नुसता चुळबुळत होता. "वहिनी, भिंत पाडायचीय की तिचं लग्न लावायचंय?"

"दादा, छत तुमचं आहे, पण खाली माणूस माझा आहे," मी म्हटलं.

भिंत वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरत होती. काँक्रीट फोडायचं मशीन हे थोडं चालवायचे, थांबवायचे आणि दाराकडे वळून बघायचे. मी दारातून कानोसा घेऊन मान डोलावली की पुढे. दुपारपर्यंत भिंत कमरेएवढी उरली.

मशीन थांबलेलं असताना अंगणात बादल्या घासणारी दूधवाल्याची बायको एकदम दचकली आणि तिने गोठ्याकडे पाहिलं. तिचं तोंड बघून मी दोर ओढला. हे बाहेर आले न आले, तोच एका टेकूखालची ओली जमीन खचली, तुळई हलली आणि तिला चिकटून राहिलेला काँक्रीटचा तुकडा खाली आला. हे उभे होते तिथेच.

दूधवाला पांढराफटक पडला. "काय कान आहेत वहिनी तुमचे."

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. इतकी वर्षं त्या मशीनशेजारी मीही उभीच होते की. ते ना ह्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

मी गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण भिंत अजून संपली नव्हती. मी ह्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, "मला ऐकू आलं नाही. ती दचकली, ते दिसलं."

"कधीपासून?"

"काय माहीत."

हे रागावले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी माझ्या कानावरची धूळ बोटाने पुसली.

खिळखिळी झालेली भिंत तशीच सोडून जाता येत नाही, उद्या कुणाच्या तरी अंगावर यायची. ह्यांनी खचलेल्या जागी जाड, रुंद फळ्या घातल्या आणि सगळे टेकू पुन्हा कसले. मग दोराचं टोक घेऊन दूधवाल्याच्या बायकोपाशी गेले. "ताई, तुम्ही उभ्या राहाल? शंका आली तरी ओढा. चुकून ओढलात तरी चालेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आत मशीन सुरू झालं आणि मी तिच्या बादल्यांपाशी जाऊन बसले. दारात उभी असताना मला कधी भीती वाटली नव्हती. आता मशीन थांबलं की जीव टांगणीला लागायचा, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहायची.